आर

फेगडे सरांनी पेपर परत दिला.
तिसऱ्या प्रश्नाभोवती लाल वेटोळं,
शेजारी तिरकं अक्षर: आर कुठे गेला?
मी लिहिलं होतं डी-आर, डी-थीटा, डी-झेड,
लांबी, रुंदी, उंची,
केळीच्या खोक्याची असते तशी.
चार मार्क गेले.

फैजपूरहून वाघोद्यापर्यंत एसटीत
मांडीवर पेपर आणि डोक्यात ते एक अक्षर.
सूत्र पाठ होतं,
म्हणजे विसरायला सोपं होतं.

मळ्यात घड उतरून झाले होते.
खोडं नुसती उभी, मुंडकी छाटलेली,
आणि सुभान तडवी एक खोड आडवं घेऊन
सोपटं काढत बसलेला, दोरासाठी.
"काय हरवलं, योगू?"
"आर."
"पराणीची?"
हसू आलं, मग थोडं रडूही.
पराणीची आर असली तर टोचते,
माझी नसून टोचत होती.

त्यानं विळ्याचं टोक ओढलं,
वरपासून खालपर्यंत एकच चीर,
आणि सोपट उलगडून बांधावर पसरलं.
आत्ता गोल होतं ते.
आता आयत:
एक बाजू खोडाची उंची,
एक बाजू खोडाचा वेढा,
जाडी करंगळीएवढीही नाही.
वेढा किती, मी मोठ्यानं म्हणाले,
दोन पाय आर.
"दोनच?" सुभान म्हणाला,
"बैलाले तं चार राह्यतात."

पुढचं सोपट आतलं, अरुंद.
त्याच्या आतलं त्याहून.
उंची तीच, जाडी जवळपास तीच,
वेढा तेवढा आखडत गेला.
एक जाडजूड मी स्वतः दाबून सपाट करायला गेले
तर आतून तडकलं कडकन.
आतली बाजू आखूड, बाहेरची लांब,
दोघी एका मापात बसेनात.
पातळ होती ती निमूट पसरली.
डी-आर इतका बारीक का घ्यायचा
हे फळ्यावर कधी असं मोडलं नव्हतं.

पण थीटा राहिला.
अख्खा वेढा नको, वेढ्याचा तुकडा हवा,
नखाएवढा.

"मळणी पाह्यली का तू?" (माझं काय चुकलं ते मी
बोटानं हवेत फिरवून सांगत होते, त्यावरून त्याला सुचलं.)
"आता थ्रेशर आलं. आमी तिवड्याले पाच बैल जुंपत.
तिवड्याजवळ म्हातारा ठेवायचा,
तो जागच्या जागी फिरे.
कडेचा बिचारा पळे.
फेरा दोघांचा एकच."

फेरा एकच.
वळणं तेवढंच, डी-थीटा तेवढाच,
आणि खुरांखालची जमीन वेगळी.
कोन कुणी चालत नाही.
चालावी लागते ती आर गुणिले डी-थीटा.
माझ्या खोक्याची एक बाजू
मी बाजूच नसलेल्या कशाला तरी देऊन बसले होते.

कागद उलटा करून मी लिहायला घेतलं:
आर डी-थीटा, डी-आर, डी-झेड.
बेरीज मारली, शून्यापासून कडेपर्यंत.
आली, पाय आर वर्ग गुणिले उंची,
सातवीतली, ओळखीची,
पण आज दुसऱ्या रस्त्यानं घरी आलेली.

तोवर सुभानच्या हातात गाभा उरला होता,
पांढरा, मनगटाएवढा.
"याचा आर किती?"
"अगदी मधे गेलं तर काहीच नाही."
"मंग भाजी करा," म्हणून त्यानं तो माझ्या ओंजळीत टाकला
आणि विळा कमरेला खोचून निघाला
पालच्या बाजूला, सातपुड्याकडं.
कामावर येणाऱ्यांत त्याचं घर सगळ्यांत लांब.
मजुरी सगळ्यांना सारखी.
हे मला आजवर गणित वाटलं नव्हतं.

पेपरावर चीक सांडलाय.
लाल वेटोळ्याला लागून एक डाग, आधी पाण्यासारखा,
सकाळपर्यंत काळा.
केळीचा डाग जात नाही.
सर विचारतील, हे काय.