तीन कडा

नाट्याच्या सड्यावर, भाद्रपदातल्या उघडिपीत
मी गुडघ्यांवर. जांभा टोचतो.
दांडा दोन बोटांत फिरवते:
सरळ फिरत नाही, अडखळतो.
तीन कडा. म्हणजे गवत नव्हे.

पुस्तक पुढचं विचारतं,
कुक्षीच्या फांद्या दोन की तीन?
दाणा गुळगुळीत की जाळीदार?
भिंगाखाली दाणा अजून हिरवा, दुधाळ,
बोलायच्या वयाचाच नाही.

सुंदरा धामणस्कर भारा उतरवून बघत राहते.
"लव्हाच तो. त्यात काय शोधतंस?"
मग स्वतःच वाकते.
"ह्यो नाय. ह्येची पात कापत नाय.
कापनारा त्यो तकडं, पान्याच्या कडंला."
मुळाला नख लावून हुंगते.
"वास बी नाय. मोथा नव्हं."

वहीत दोन ओळी वाढतात,
त्यातली एकही पुस्तकात नाही.
नावाची जागा मोकळी.

नमुना एकेचाळीस.
जुन्या वर्तमानपत्रात दाबला, भावांच्या पानावर,
काजूगर आणि सुकी मासळी यांच्या मधे.

दसऱ्याला पुन्हा येईन म्हणते,
दाणा पिकल्यावर.

भारा डोक्यावर घेता घेता सुंदरा:
"बैलांनी ठेवला तर हां."