कार्ड

आमच्याकडे होते एक कोटी चाळीस लाख तुग्रिक.
ऐकायला संस्थान.
मोजायला एक वीस वर्षांची गाडी, तीही घासाघीस करून.

तुमुरखुयाग म्हणाला, प्रियस घेऊ.
अख्खं उलानबातर प्रियसमध्ये बसून
पुढच्याच्या पाठीवर श्वास सोडतंय,
उणे पस्तीसला चालू होते, पेट्रोल नुसतं चाटते.
मी म्हटलं, आणि आपल्या गल्लीचा चढ?
शेजारचे सांडपाणी ओततात, जानेवारीत त्याची काच होते.
मागच्या हिवाळ्यात निंजिनच्या शाळेचा पहिला तास
त्या चढावरच भरायचा.
आणि जूनमध्ये नदीवर कशानं जायचं,
प्रियसला खांद्यावर घेऊन?

बाजारात एप्रिलचा वारा, दातांत रेती.
सासऱ्यांना हवी होती रशियन फुरगोन,
हातोड्यानं दुरुस्त होते म्हणून.
(हातोडा रोज लागतो, हे ते बोलले नाहीत.)
एका पांढऱ्या लँडक्रूझरची किंमत
विक्रेत्यानं तोंडानं सांगितलीच नाही,
तळहातावर लिहून दाखवली आणि मूठ मिटली.
मग शेवटच्या रांगेत ही डेलिका,
उभट, खांदे पाडून, रांगेत नंबर न लागलेल्या बाईसारखी.

सासरे किलोमीटर विचारत नाहीत.
त्यांनी विचारलं, पाणी कुठलं प्यायलीय ही?
होक्काइदोचं, आजोबा, स्वच्छ बर्फाचं.
चोयझिल आजोबा चांगल्या देलसकट आडवे झाले खाली,
किल्लीनं सांगाडा खरवडला,
गंजाचा पापुद्रा डोळ्यात घेऊन उठले:
समुद्राचं प्यायलीय. मीठ आहे अंगात.
आठ लाख उतरले तिथेच.

मी माझी तपासणी वेगळी केली.
बूट काढले, मागच्या सीट पाडल्या,
बाजाराच्या मधोमध उताणी झोपले.
चार डोकी, एक स्टोव्ह, कोपऱ्यात ओले मोजे:
मावेल.
छताला कुणा पोरानं चिकटवलेला कागदी तारा होता,
अर्धा खरवडलेला.
कुणीतरी इथून वर बघत झोपलं होतं.

किल्ली फिरली. पुरुष इंजिन ऐकायला वाकले.
मला ऐकू आली एक बाई,
अगदी अदबीनं, जपानीत, एकच वाक्य.

मग ती रोज सकाळी आमच्यात बोलायची.
निंजिन म्हणे, पट्टा लावा म्हणतेय.
तुमुरखुयाग म्हणे, शुभ प्रभात.
वाईट दिवशी मला स्पष्ट ऐकू यायचं:
आज पुन्हा उशीर.
अडतीसच्या थंडीत, बॉनेटवर नमद्याची गोधडी,
इंजिन कण्हायच्या आत तिचं वाक्य संपलेलं असायचं.
स्टिअरिंग उजवीकडे, रस्ताही उजवा,
म्हणून ट्रकला मागे टाकायचं तर
डावीकडच्यानं मान काढून सांगायचं: जा. नको, थांब. आता जा.
संसारातले बरेच निर्णय
आम्ही त्या वर्षी याच पद्धतीनं घेतले.

जूनमध्ये ओर्खोनच्या काठी दलदलीत बसली,
दारापर्यंत.
तो छोटा दांडा दोन्ही हातांनी ओढला मी,
इतका घट्ट, जणू आजवर कुणाला गरजच पडली नव्हती.
चारही चाकांनी चिखल चावला, थुंकला,
आणि ती आली बाहेर, म्हशीसारखी, सावकाश.

पलीकडच्या तंबूत सापोरोला शिकून आलेला एक मुलगा होता.
त्यानं वाक्य ऐकलं आणि चहा सांडेपर्यंत हसला.
टोलचं कार्ड घातलेलं नाही, म्हणतेय.
बस, एवढंच.

सभोवार गवत होतं.
फाटक नाही, कुंपण नाही, पावती फाडणारा हात नाही.
सकाळी आजोबांनी प्रत्येक टायरवर दूध शिंपडलं,
मग थांबून, आठवून, स्टेपनीवरही.
मी किल्ली फिरवली. ती बोलली.
मागून गोधडीतून निंजिन म्हणाली,
नाहीच घातलं, बाई.

परतताना डावीकडून, खालून, काहीतरी खडखडत होतं.
पुंत्साग बघेल सोमवारी.
सोमवारी आमच्या नंबरला रस्ता बंद.
म्हणजे मंगळवारी.