सत्तर

मुकादम म्हणाला, केबल तापते.
मी म्हटलं, ऑगस्टात सोहारला काय तापत नाही?
नळाचं पाणी, गोदामाचं कुलूप, जिन्याचा कठडा.
तो म्हणाला, पहाटे तीनला पण तापते.
खांद्यावरून घेतली की मानेला कळतं.

मग मीटरभर तुकडा कापला.
वर ठळक छापलेलं : ७०.
रबर असं जाड, की नाकापेक्षा मोती जड.
ब्लेडने एक तार खरवडली, आत पांढरं निघालं नाही.
तांबंच.
म्हणजे सगळंच खोटं नव्हतं.

सात पेड.
मुकादम एक पेड उलगडून बसला, दोनदा चुकला,
तिसऱ्यांदा ओठ हलवत, तसबी ओढल्यागत :
दोनशे तीस.
मायक्रोमीटरवर तारेची जाडी पॉइंट दोन.
खोक्याच्या पुठ्ठ्यावर गुणाकार केला,
पन्नास आणि वर थोडं.

माझा माझ्यावरच विश्वास बसेना,
म्हणून सोललेलं तांबं घेऊन कोपऱ्यावरच्या बकाल्यात गेलो.
कुंजूमोनने कांदे उतरवून काटा दिला.
सव्वासहाशे ग्रॅम भरायला हवं होतं.
साडेचारशे.
मागचं गिऱ्हाईक म्हणालं, काय किलो दिलं?

सप्लायर फोनवर :
लेबल कंपनी लावते हो साहेब, आम्ही नाही.

ड्रमवरच्या सत्तरावर काट मारून मी मार्करने पन्नास लिहिलं.
मुकादम बघत उभा.
नऊ वर्षं वेल्डिंग करतोय,
बताक्यावर त्याच्या अजून 'सुतार' आहे.
त्याने मार्कर मागून घेतला
आणि माझं शून्य गिरवून जाड केलं,
लांबून दिसेल असं.