मला फक्त तोंड हवं होतं

रेडिओचं मला फक्त तोंड हवं होतं.
दोन गोल खुंट्या, आकड्यांची खिडकी,
फिरवताना बोटांना कळणारी ती कट्‌कट्‌.
पोट काढून टाकणार होतो.
सिम्युलेटरला पोट लागत नाही,
तिथलं आकाश विजेच्या बिलावर येतं.

डेल्बर्ट उनरू म्हणाला, जोडी आहे, सुटा देत नाही.
न्यूटन, कॅन्सस. धान्याच्या कोठारामागे त्याची शेड,
पत्र्याला वारा पॉलिश पेपरसारखा घासत होता.
चाळीस डॉलर. वर एक माइक फुकट,
पिळाच्या वायरचा,
वायरवर कुणाच्या तरी दातांच्या खुणा.

तळघरात झाकण उघडलं.
आत जुन्या सिगारेटींचा वास
आणि पत्र्यावर पेन्सिलीने, बारीक:
मार्च ७४. ऐकू येतं. बोलताना खरखर. आर. एच.
केसपेपर लिहून डॉक्टर घरी गेलेले,
रोगी माझ्या टेबलावर उताणा.

वायरी सव्वीस. मला त्यांतल्या निम्म्या एकाच रंगाच्या.
ओवीला हाक मारतो. ती गृहपाठ सोडून येते.
"ही तांबडी, बाबा. ही हिरवी.
ही पण हिरवीच, पण पांढऱ्या रेघेची."
चिकटपट्टीवर नावं लिहिते गोल अक्षरात,
हिरवी एक, हिरवी दोन,
मी कधीच न पाहिलेल्या बहिणींसारख्या.

एकोणिसाव्या वर्षी, पुण्यात,
एका डॉक्टरांनी ठिपक्यांची वही समोर धरली.
या पानात आकडा कोणता?
पान उलटलं. आणि यात?
मला नुसते ठिपके दिसले, सांडलेल्या डाळीसारखे.
त्यांनी वही मिटली,
फार हळू, आत कुणी झोपलं असावं तशी.

या खिडकीतले आकडे मात्र काळ्यावर पांढरे.
एक दोन दोन, पॉइंट, आठ शून्य.
मला वाचता येतात.

पहिल्याचं पोट काढलं. क्रिस्टल, कॉइल,
मेणात बुडवलेले तुकडे, सगळं बिस्किटांच्या डब्यात.
खुंटीच्या दांड्याला सेन्सर बसवला,
आणि पडद्यावरचा टॉवर बोलू लागला.
न खोकणारा, न चुकणारा आवाज,
केव्हाही विचारा, उतरायची परवानगी तयार.

दुसऱ्याला म्हटलं, कापण्याआधी एकदा वीज दाखवू.
चौदा व्होल्ट. तांब्याची तार
खिडकीच्या फटीतून वर, गवतात.
दिवा पिवळा लागला, डोळे चोळत.
मग तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं चर्र,
आणि त्या चर्रमधून एक मुलगी:
"न्यूटन ट्रॅफिक, सेसना, डावीकडे वळतेय, रनवे..."
कोणता रनवे, ते विसरली.
एक श्वास. मग आकडा.

ओवीचं पेन थांबलं. "खरी आहे?"
खरी. कोठाराच्या पलीकडे, आमच्या डोक्यावर,
एकटी, बहुधा पहिल्यांदाच.
"तिला सांग ना काहीतरी."

माइकची वायर मी सगळ्यांत आधी तोडली होती.
परवाना नसलेल्याने हवेत बोलू नये.
तरी माइक हातात घेतला. थंड होता, जड होता.
तिकडे पडद्यावरचं माझं विमान
कधीच गव्हात घुसलं होतं;
टॉवर परवानगी देतच होता.

वरून अनघाची हाक, पोळ्या गार होतायत.
कुणी हललं नाही.
मी खुर्चीत, ओवी जिन्याच्या पायरीवर,
मधे तो पिवळा दिवा.
वळण. पुन्हा वळण. मग बराच वेळ काही नाही,
इतका, की मी खुंटीला उगीच हात लावला आणि काढला.

"न्यूटन ट्रॅफिक, रनवेच्या बाहेर आलेय."
आणि बटण सोडायला ती विसरली.
इंजिनाची धडधड ऐकू आली आम्हाला,
कसलासा पट्टा सुटल्याचा आवाज,
मग ती एकटीच, मोठ्याने, हसली.