साडेदहा बाय चौदा

टेपचं एक टोक भंवरलालच्या अंगठ्याखाली,
दुसरं माझ्या हातात.
साडेदहा बाय चौदा.
एक भिंत दीड इंच तिरकी आहे
आणि हे फक्त आम्हा दोघांना माहीत आहे.
कपाट लागलं की भिंतीलाही आठवणार नाही.

सोलापुरात घर मांडायचं तर
आधी पाण्याला जागा काढावी लागते.
लोक मोबाईलवर दाखवतात
कुठल्याशा थंड देशातलं किचन,
पांढरंशुभ्र, ओट्यावर एकच लिंबू.
मी विचारते, पिंप किती?
मग जरा लाजून म्हणतात, सात.
आणि एक गच्चीवर.
माझं निम्मं कौशल्य ती सात पिंपं
दिवाणाच्या, जिन्याच्या, देव्हाऱ्याच्या पोटात
दडवण्यात गेलं.
उरलेलं निम्मं पश्चिमेच्या उन्हाशी भांडण्यात.
एप्रिलमध्ये इथे सनमायकासुद्धा कड सोडतो,
आणि गिऱ्हाईक फोन करून म्हणतं,
मॅडम, तुमचं घर उकलायलंय.

साखर पेठेतले अंबादास द्यावरकोंडा.
मुलगा पुण्याला, लग्न ठरलेलं.
मागाच्या खोलीचा हॉल करायचा होता.
माग भंगारात गेलेला, खड्डा राहिलेला:
गुडघ्याहून जरा खोल,
काठ मांड्यांनी घासून गुळगुळीत,
तळाशी एक टवका उडालेला धोटा
आणि लाल सुताचा गुंता, उंदरांनी मऊ केलेला.

मी रात्री दोनपर्यंत जागून काढलं:
खड्ड्यावर जाड काच, आत पिवळा दिवा,
धोटा होता तसाच.
पाहुणे चहाचा कप धरून वाकून बघतील.
मासिकात फोटो येईल,
हे मात्र कुणाला बोलले नाही.

त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला,
कागद एकदा उभा, एकदा आडवा धरला.
बायकोला तेलुगूत काहीतरी म्हणाले.
ती पदर तोंडाला लावून हसली.
मग माझ्याकडे वळून:
"चाळीस वर्षं पाय खड्ड्यातच होते ओ मॅडम.
आता जरा वर ठेवू द्या की.
बुजवून टाका."

बुजवला.
मोजून छत्तीस पाट्या मुरूम, वर धुमस.
त्यावर दोन बाय दोनच्या आयव्हरी फरशा,
आरशासारख्या,
ज्या मी माझ्या घरात कधीच लावू दिल्या नसत्या.
ते अनवाणी चालून आले
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत,
मधे एका जागी थांबले,
टाचेनं दाबून बघितलं.
"बसलं," म्हणाले.
धोटा माझ्या पर्समध्ये होता. मागितला नाही त्यांनी.
मीही दिला नाही.

रविवारी मी कुणाचंच घर करत नाही.
पहाटे स्कूटीवरून नान्नजचा माळ,
दुर्बीण, कडक भाकरी, शेंगाचटणीची पुडी.
माळढोक मला अकरा वर्षांत दिसलेला नाही.
तक्रार नाही.
धाविक दिसतो.
विटकरी पोट, डोळ्यावरून काळी-पांढरी रेघ,
चार पावलं पळायचं, थांबायचं, वाकायचं,
साइटवरच्या सुपरवायझरसारखं.

तो घरटं बांधतच नाही.
उघड्या जमिनीवर दोन अंडी,
ढेकळांच्याच रंगाची,
ना काडी, ना कापूस, ना आडोसा.
ऊन चढलं की
अंड्यांवर येऊन उभा राहतो.
नुसता उभा.
चोच वासलेली, गळा धापतोय,
आणि खाली सावली,
वीतभर बाय वीतभर असेल.
टेप असते माझ्याकडे, रविवारीसुद्धा.
काढत नाही.

उद्या जुळे सोलापुरात माप घ्यायचंय.
त्या बाईंना फॉल्स सीलिंगमध्ये आभाळ हवंय,
निळं, ढगांसकट.
देईन.
आधी विचारेन, पिंप किती.