कारण

ग्रिम्सबीत, मासळी-धक्क्यामागच्या गल्लीत
भाड्यानं दिलेलं माझं एकच घर.
तीनदा रिकामं करून घेतलं आजवर.
तेव्हा नोटिशीवर कारणाला जागाच नव्हती :
तारीख, सही, दोन महिने.
पाकीट दारातल्या फटीतून सरकवलं की झालं.

विटेक म्हणून एक होता, रात्रपाळीचा.
न्हाणीतल्या बुरशीबद्दल दोनदा बोलला,
तिसऱ्यांदा पत्र लिहिलं.
मी उत्तर दिलं : नोटीस.
जिन्यात उभा राहून म्हणाला, "पण का?"
म्हटलं, "ते सांगावं लागत नाही."
खरंच लागत नव्हतं.

आता कायदा बदललाय. चार महिने, आणि कारण.
विकायचंय, स्वतः राहायचंय,
की घरातल्या कुणाला हवंय?
आणि गंमत बघा, या खेपेला
माझ्याकडे कारण आहे :
ब्रायनी परत येतेय. लग्न मोडून,
दोन पोरं, एक आजारी मांजर घेऊन.

मिसेस ऑक्स्टबी अकरा वर्षं आहेत तिथे.
नवऱ्याला धरायला टबाशेजारी दांडा बसवला,
माझी रीतसर परवानगी मागून.
नवरा गेला. दांडा आहे.

कारण लिहिलं. एका ओळीत मावलं.
पाकीट घेऊन गेलो, फटीपर्यंत हात नेला,
आणि आयुष्यात पहिल्यांदा
स्वतःच्या घराचं दार वाजवलं.

"अय्या, तुम्ही! या ना, किटली आत्ताच ठेवलीय."

मी पायपुसण्यावर
पाय पुसत राहिलो.
बाहेर तर कोरडं होतं.