वजनाचा भाव

चिंच मी रात्रीच भिजत घातली होती.
समई, ताम्हण, निरांजन, तांब्या
सगळं घासून झालं, तरी चिंच उरली.
टीव्हीखालच्या खणात
कागदाच्या चौकोनी पाकिटात तो होता,
काळा, कडेला ठेचलेला,
चिंचोका समजून फेकून द्यावा असा.
उद्या लक्ष्मीपूजन.
म्हटलं, चांदी आहे म्हणतात
तर चांदीसारखी दिसू दे.

ह्यांनी तो घेतला तेव्हा मिलचे पैसे नुकतेच हातात आले होते,
भोंगा थांबल्यावर किती वर्षांनी, ते विचारू नका.
शेजारच्या निखारेंनी बेशाला प्लॉट घेतला,
दिरानं एफडी केली,
आणि ह्यांनी इतवारीतून एक रुपया आणला
एकतीस हजारांना.
मी तीनदा विचारलं.
"भोसल्यांच्या टाकसाळीचा आहे व," म्हणाले.
"नाव दिल्लीच्या बादशहाचं, चांदी इथली.
साचा मोठा, नाणं लहान,
म्हणून नाव अर्धंच उमटलं. पाह्य."
मी पाहिलं. मला ती
मागावर धागा तुटून राहिलेली किनार वाटली.

मग घरात नोटांनाही नियम आले.
घडी घालायची नाही. थुंकी लावून मोजायची नाही.
एक रुपयाची नोट आधी ह्यांच्या चष्म्याखालून जाणार,
सही कोणत्या सचिवाची ते ठरणार,
मग तेलाला.
हजाराच्या बंद झाल्या त्या हिवाळ्यात
सारी तांडापेठ रांगेत उभी,
आणि हे एक नोट मागे ठेवून
तिला प्लास्टिकमध्ये निजवत होते.
"वाढेल," म्हणायचे.
मेलेल्या नोटेचा भाव वाढतो
हे मी ऐकून घेतलं. वैशूच्या क्लासवाल्यानं
ऐकून घेतलं नसतं.

तर चिंच, आणि वरून चिमूटभर राख.
काळं सुटत गेलं तसा आतून
कोवळा, पांढरा, हळद धुतलेल्या नवरदेवासारखा निघाला.
मी स्वतःवर खूश.
पाटावर तांदळाच्या ढिगात बसवला, कुंकू वाहिलं.
हे आले. पाहिलं.
आरती नेहमीपेक्षा हळू म्हणाले, एवढंच.

दिवाळीनंतर वैशूची नर्सिंगची फी भरायची होती.
लुणावत शेठनं डोळ्याला भिंग लावलं
आणि कितीतरी वेळ काढलंच नाही.
"काऊन घासलं जी?"
काचेवर तराजू, कॅल्क्युलेटर, चहाचे दोन पेले.
"दोनशे वर्षं बसली होती याच्यावर,
तिचेच तर पैसे होते.
आता वजनाचा भाव. सातशे.
तुमच्यासाठी आठशे."
मी तोंड उघडणार
तर हे म्हणाले, "मीच घासलं. हौस आली चमकवायची."

खोटं बोलताना हा माणूस कान खाजवतो.
तीस वर्षं मी त्याच्यावरच पकडत आले.
त्या दिवशी हात मांडीवर होता,
हललाही नाही.

फी बाकीच्यांनी भरली,
कोऱ्या नोटांच्या गड्डीनं, उलट्या छापाच्या पाचाच्या नोटेनं.
हजाराची ती मात्र कोणी घेतली नाही,
ती अजून निजलीच आहे.
रुपया ह्यांनी आठशेला दिला नाही.
न्हाणीच्या खिडकीत ठेवला, वाफ लागते तिथं.
"होईल परत काळा."
"किती दिवसांत?"
"दिवसांत नाही व."

वैशू म्हणते, उकडलेल्या अंड्याजवळ ठेवला
तर आठवड्यात होतो.
हे तिच्यावर चिडले. तसलं काळं ओळखू येतं म्हणे.
मी काही बोलत नाही,
जाता-येता नुसतं बोट लावते,
कधी कांद्याच्या हाताचं, कधी तेलाच्या.

काल बादशहाच्या अर्ध्या नावाच्या खाचेत
एक सावळी रेघ दिसली.
धूळ असेल.
पदर हातात होता,
पण पुसलं नाही.